लोअर आर्मचा बुश पुन्हा पुन्हा का जातो? जुन्या गाडीची घरच्या घरी तपासणी

माझ्या गाडीचा डाव्या बाजूचा लोअर आर्म बुश मी दोन वर्षांत तीनदा बदलला. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा धातूचा हात, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर. पहिल्यांदा गॅरेजमध्ये, पुढचे दोनदा घरी, इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या फाटकासमोर. दरवेळी सात-आठ महिन्यांत तोच ‘धप्प’ परत हजर. चौथ्यांदा एक चूक सुधारली आणि तो बुश चार वर्षं जागेवर बसून आहे. चूक कोणती ते पुढे येतंच, पण थेट तिथे उडी मारू नका. त्यानंतर मेहुण्याच्या आणि गल्लीतल्या बऱ्याच गाड्यांखाली मी शिरलोय आणि त्यातल्या कितीतरी गाड्यांचा बुश मुळात ठणठणीत होता.

माझी गाडी २००८ सालची पेट्रोल हॅचबॅक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब), खाली एल आकाराचा लोअर आर्म. आर्मच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा गोळीचा सांधा, आतल्या बाजूला दोन बुश, पुढचा लहान आणि मागचा मोठा. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची घडण हीच. मारुती ८०० मध्ये मात्र आर्म एकाच बुशवर डुलतो आणि त्याला पुढे-मागे धरून ठेवायचं काम स्टॅबिलायझर बार (डावी-उजवी बाजू जोडणारी लोखंडी दांडी) करतो. त्यामुळे तुमच्याकडे ८०० असेल तर पुढे जिथे ‘मागचा बुश’ म्हणतोय तिथे बारच्या टोकाचे रबर समजा.

आधी आवाज नीट ऐका

बुश गेल्याची खरी खूण अशी: ब्रेक दाबल्यावर एकच जाड ‘धप्प’, आणि मग रिव्हर्स टाकून पुन्हा ब्रेक लावला की तसाच दुसरा. मधे काही नाही. चाक पुढे किंवा मागे सरकतं, आर्म टोकाला जाऊन आदळतो आणि तिथेच थांबतो, म्हणून आवाज एकदाच येतो. त्याच्या जोडीला ब्रेकमध्ये गाडी एका बाजूला ओढते, साठ-सत्तरच्या वेगात स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी तरंगल्यासारखी वाटते, आणि टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा लवकर गुळगुळीत होते. मला पहिल्यांदा हे कळलं ते खंडवा रोडवर, भेरूघाट उतरताना. प्रत्येक वळणाआधी ब्रेक, प्रत्येक ब्रेकला डाव्या पायाखाली ठोका. बायको म्हणाली, ‘‘डिकीत काही पडलंय का?’’ ओंकारेश्वरपर्यंत मीही तेच मानून चाललो होतो.

बाकीचे आवाज वेगळे. उखडलेल्या रस्त्यावर हळू जाताना पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी ‘खडखड’ आली तर बहुधा लिंक रॉड, म्हणजे स्टॅबिलायझर बारचं टोक धरणारी छोटी दांडी. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि स्प्रिंगमधून ‘टंग्’ झालं तर स्ट्रटचं वरचं माउंट. स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी चालवताना ‘कट-कट-कट’ आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा जॉइंट. नुसतं ‘कुई’ करत असेल तर रबर वाळलंय. त्याचा त्रास कानाला, जिवाला नाही.

फुकटातल्या तपासण्या

डिकी रिकामी करा. हसू नका. सुटा जॅक, टॉमी (लोखंडी दांडा), स्टेपनीचा ढिला बोल्ट, पाण्याचा कॅन, यातलं काहीही ब्रेकला पुढे सरकून अगदी बुशसारखं धपकतं. मेहुण्याच्या गाडीत सीटखाली अर्धा किलोचं वजनाचं माप सापडलं होतं, सियागंजातल्या दुकानाचं. बुश विकत आणून झाला होता.

मग चारही चाकांचे नट पान्याने तपासा. ही तपासणी आवाजासाठी कमी आणि जिवासाठी जास्त. ढिला नटही ब्रेकला ठोका देतो आणि तसं चाक निखळू शकतं. त्यानंतर हवा. दोन्ही पुढच्या टायरांत हवा सारखी नसेल तर गाडी ओढणारच, आणि तुम्ही उगाच आर्मवर संशय घ्याल.

आता इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार. बुश आणि इंजिन माउंट यांचा ठोका इतका सारखा असतो की जुने मिस्त्रीही चकतात. बॉनेट उघडा. हँडब्रेक पक्का ओढा, मागच्या चाकांच्या पुढे आणि मागे दगड लावा, गाडीच्या समोर किंवा मागे कोणी उभं नको. कोणाला तरी स्टिअरिंगवर बसवा. आमच्याकडे हे काम भाच्याकडे असतं. पहिला गिअर, क्लच हळूच सोडत गाडी जोर धरेपर्यंत आणायची, सेकंदभर थांबून पुन्हा दाबायचा. मग हेच रिव्हर्समध्ये. हँडब्रेक मागची चाकं धरून ठेवतो आणि ओढ पुढच्या चाकांवर येते, त्यामुळे आर्मला पुढे-मागे ताण बसतो. इंजिन बोटभर उचललं जाऊन आपटत असेल तर माउंट गेलंय. दोन-तीनदा पुरे, जास्त केलं तर क्लच जळतो.

याच वेळी मोबाइलचा व्हिडिओ चालू करून, टॉर्चसह, तो चाकाच्या मागे आतल्या बाजूला जमिनीवर मागच्या बुशकडे तोंड करून ठेवायचा. चाकाच्या वाटेत नव्हे, आणि हातात धरून तर नाहीच. नंतर चहा पीत व्हिडिओ सावकाश वेगाने बघा. आमच्या गाडीत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आर्मची मागची बाजू ब्रॅकेटमध्ये (आर्म धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावरच्या पकडीत) ढिल्या दातासारखी हलत होती. भाचा म्हणाला, ‘‘मामा, हा तर डुलतोय!’’ त्या दिवशी गाडीखाली न जाताच निदान झालं. पूर्वी मी पहार घेऊन तासभर झगडायचो.

हात काळे करायच्या तपासण्या

लिंक रॉड आधी, कारण तो सगळ्यांत स्वस्त आणि दोन नटांवर निघणारा. पण तो तपासताना दोन्ही चाकं जमिनीवर हवीत. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो, रॉड ताणलेला राहतो आणि त्याची ढील लपते. गाडी सपाट उभी करून स्टिअरिंग पूर्ण कापा, हात आत घालून रॉड जोरात हलवा. बोटांना ‘टिक’ जाणवली की झालं.

यापुढे गाडी उचलावी लागते. गाडीबरोबर मिळणारा कात्रीचा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. दोन जॅक स्टँड हवेतच. इथले मिस्त्री त्यांना घोडी म्हणतात. विटा नकोत, वीट न सांगता फुटते. जमीन फरशीची किंवा काँक्रीटची हवी. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीवर तर अजिबात नको, पावसाळ्यात तिच्यात घोडीचा पाय लोण्यात सुरी जावी तसा जातो. तीच माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, म्हणून आपल्याकडे कॉलन्यांचे रस्ते दरवर्षी लाटा घेतात. बुशच्या आयुष्याचा निम्मा हिशेब तिथेच आहे.

गाडी घोडीवर बसली की पहिल्यांदा तिला बाजूने दणकून हलवा. हलायची असेल तर तुम्ही खाली नसताना हलू दे.

चाक वर आणि खाली धरून हलवा. ढील असेल तर कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढील नाहीशी झाली तर चाकाचं बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट किंवा त्याच्या आतलं काही. डावी-उजवीकडे हलवल्यावर ढील असेल तर टाय रॉडचं (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीचं) टोक. बॉल जॉइंटसाठी आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये टॉमी घालून हलका जोर द्या. तिथे वर-खाली हालचाल दिसता कामा नये. दिसली तर गाडी तिथेच उभी ठेवा. बुश गेलेल्या गाडीने गॅरेज गाठता येतं, पण बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं.

शेवटी बुश. चिंधी आणि ब्रशने तो आधी पुसा, चिखलाखाली काही कळत नाही. वरच्या कातडीवरच्या बारीक भेगा म्हणजे बुश गेला असं नाही, म्हातारपणाच्या सुरकुत्या त्या. मोठ्या बुशमध्ये अर्धचंद्रासारख्या खाचा दिसतील. त्या कारखान्यातच मुद्दाम ठेवलेल्या असतात, रबराला एका दिशेने मऊ करण्यासाठी. मी पहिला बुश त्या खाचा बघूनच फाटला म्हणून ठरवला होता! ओळख सोपी आहे. खाचेची कड गुळगुळीत आणि गोल असते. फाटलेल्या जागेची कड पावासारखी खडबडीत, आत काळी भुकटी, आणि टॉमीने ताण दिला की ती भेग तोंड उघडते. मोठा बुश थोडा दबणारच. रबर धातूपासून सुटून आतली नळी मोकळी हलत असेल, तर बदला.

आणि बुशवर तेलाचा ओलावा असेल तर हात थांबवा. इंजिन किंवा गिअरबॉक्सचं तेल रबर फुगवून पिठासारखं मऊ करतं. आधी गळती बंद करा, नाहीतर नवा बुशही त्याच वाटेने जाईल.

नुसता बुश की पूर्ण आर्म?

बुश दोन-तीनशेत येतो, पण जुना काढून नवा बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागते. घरच्या व्हाइसमध्ये लहान बुश बसतो, मोठा बहुतेकदा वाकडा होतो. बॉल जॉइंटही जुना असेल तर मी बुश आणि जॉइंट बसवून येणारा पूर्ण आर्म आणतो. पैसे जास्त जातात, रविवार वाचतो. नुसता बुश आणलात तर दुकानातच जुन्याशेजारी ठेवून आतल्या नळीची लांबी मोजा. ती बाहेरच्या कड्यापेक्षा थोडी लांब असते, कारण ब्रॅकेट तिलाच आवळून धरतो. लांबी कमी निघाली तर बोल्ट कितीही कसा, नळी घसरत राहते.

पॉलीयुरेथेनच्या लाल-पिवळ्या बुशांबद्दल हमखास विचारलं जातं. ते टिकतात, पण रस्त्याचा प्रत्येक दाणा स्टिअरिंगपर्यंत आणतात आणि त्यांचं सिलिकॉन ग्रीस सुकलं की कुरकुरतात. रोज आईला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीत मी ते बसवणार नाही.

बदलताना

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. गाडी वर घेऊन, घोडीवर ठेवून चाक काढा आणि ते चाक गाडीच्या दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवा, दुसरा आधार म्हणून. आर्मच्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारलेलं बरं, पण रबरावर नको.

बॉल जॉइंटचा आडवा बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो. जॉइंटच्या दांड्याला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो, म्हणून नुसता ढिला करून वर हातोडे मारत बसलात तर काही निघत नाही. मी पहिल्या वेळी अर्धा तास मारले. बोल्ट निघाल्यावर नकलची फट छिन्नीने केसभर उघडा, आर्म पहारीने खाली दाबा, जॉइंट सुटतो. सुटल्यावर नकल बाहेर ओढू नका. आतला ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्सकडून उपसला जाऊ शकतो, ब्रेकचा होजही ताणतो. नकल दोरीने स्ट्रटला बांधून टाका.

आर्म बाहेर आला की बुश दाबून काढण्याआधी खाचांची दिशा आर्मवर खडूने किंवा तारेने खरवडून लिहून ठेवा. नव्याच्या खाचा त्याच दिशेला हव्यात, नाहीतर रबर नको त्या बाजूला मऊ राहतं. जुना बुश जाळून काढायचा सल्ला मिळेल. धूर विषारी असतो आणि आर्मही तापतो, त्या फंदात पडू नका. छोटी ग्वालटोलीत प्रेस असलेल्याकडे आर्म नेला की दहा मिनिटांचं काम. तिथे एकच गोष्ट बघायची: दाब बाहेरच्या कड्यावर यायला हवा, आतल्या नळीवर किंवा रबरावर नाही. घसरण्यासाठी साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको.

आणि ती चूक

तिसरा बुश हातात घेऊन मी त्याच प्रेसवाल्याकडे गेलो होतो. साठीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर. बुश बोटांत फिरवून त्यांनी फाटलेली रेघ दाखवली, सगळी एकाच बाजूला, तिरकी. मग म्हणाले, ‘‘भिया, कसते टाइम गाड़ी हवा में थी क्या?’’

हवेतच होती, तिन्ही वेळा.

लोअर आर्मचा साधा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली नळी ब्रॅकेटमध्ये आवळून पक्की होते, बाहेरचं कडं आर्ममध्ये पक्कं असतं आणि मधलं रबर दोन्हींना चिकटलेलं असतं. आर्म वर-खाली गेला की रबर पिळतं आणि परत येतं, एवढंच त्याचं काम. गाडी घोडीवर असताना चाक लटकतं. आर्मचं टोक सात-आठ सेंटीमीटर खाली जातं, आर्म जेमतेम फूटभर लांब, म्हणजे पंधरा अंशांच्या आसपास कोन झाला. त्याच अवस्थेत बोल्ट कसला, तर रबराला वाटतं हीच आपली मूळ जागा. गाडी खाली उतरवली की ते पंधरा अंश पिळलेलं राहतं, रात्री गाडी उभी असतानासुद्धा. त्यावर स्पीडब्रेकर आला की आणखी पीळ. सहा महिन्यांत रबर धातूपासून सुटतं आणि आपण म्हणतो माल डुप्लिकेट होता.

म्हणून आर्मच्या आतल्या बाजूचे दोन्ही बोल्ट हवेत फक्त हाताने टेकेपर्यंत लावायचे. बॉल जॉइंटचा बोल्ट मात्र हवेतच पूर्ण कसला तरी चालतो, तिथे रबराला पीळ नाही. चाक चढवा, गाडी जमिनीवर घ्या, चाकाचे नट कसा, बॉनेट दाबून गाडी दोन-चारदा डुलवा, हाताने ढकलत पाच-सात फूट पुढे-मागे करा. मग हँडब्रेक, दगड, स्टिअरिंग पूर्ण कापलेलं, आणि बाजूने हात घालून बोल्ट कसा. जागा पुरत नसेल तर पुढच्या दोन्ही चाकांखाली जाड, रुंद लाकडी फळ्या ठेवून गाडी त्यावर चढवा. वजन चाकांवर आहे ना, एवढंच महत्त्वाचं. आवळायचा जोर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, टॉर्क पाना भाड्याने किंवा उसना आणा. नायलॉनच्या कड्याचे नट जुने परत लावू नका.

काही गाड्यांत मागच्या बुशचा बोल्ट उभा असतो. त्याला असा पीळ कमी बसतो, पण पुढच्याला नियम लागूच आहे. मी दोन्ही वजनावरच कसतो, डोकं लावत बसत नाही.

दोन दिवस गाडी चालवून मग अलाइनमेंट करा, त्याआधी करून उपयोग नाही. शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा.

इथे हात थांबवा

आर्मचा बोल्ट फिरतोय पण बाहेर येत नाही, असं झालं की चॅसीच्या आत वेल्ड केलेला नट सुटलाय. तिथे पत्रा कापून वेल्डिंग लागतं, जोर लावून उपयोग नाही. ब्रॅकेटच्या मुळाशी गंजाचे पापुद्रे निघाले, स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आत गेला, किंवा आर्मवर वाकल्याची, धडकेची खूण दिसली, तरी गाडी जागेवर ठेवून मिस्त्री बोलवा. बोल्टाचं डोकं गोल झालं, आटे गेले, तेव्हाही. गाडी नीट टेकवायला घोडी नाही तर कामाला सुरुवातच नको. सगळं नीट होऊनही ब्रेकमध्ये ओढ राहिली तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकतंय का ते ब्रेकच्या माणसाकडून बघून घ्या.

आणि नव्या बुशनंतर ‘धप्प’ गेला पण खड्ड्यात वरून ‘टंग्’ उरला, तर स्ट्रट माउंट. त्यासाठी स्प्रिंग दाबून ठेवावी लागते, आणि दाबलेली स्प्रिंग हातातून सुटली तर हाड मोडते. मी स्वतः ते काम कधी करत नाही. स्ट्रट उतरवून पिशवीत घालतो आणि गॅरेजला देऊन येतो.